शेपटीतलं शिसं

४ जून

चि. धाकट्यास,

अक्काचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? पोरीचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून आधी तेच विचारते. उतरताना कठड्याला धरत जा. लोक बघतात म्हणून हात खिशात घालून उतरू नकोस, लोकांना दुसरी कामं असतात. वहिनींचा रक्तदाब ठिकाणावर आहे ना? त्यांच्या गोळ्या तू मोजून डबीत भरायचास, ते चालू ठेव. भाचीचा खोकला गेला का? शिकवणाऱ्या माणसाचा घसा म्हणजे त्याचं हत्यार, तिला म्हणावं गरम पाणी पी आणि मुलांवर जरा कमी ओरड. जावयांची पाठ? आणि छोटीचे पुढचे दोन दात आले, की अजून फटीतून शिट्टी वाजवते?

पत्र का लिहिलं म्हणशील, तर फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलतात आणि बिचाऱ्या म्हणतात, "अंघोळीला गेलेत." चार महिन्यांत इतक्या अंघोळी केलेला माणूस एव्हाना साबणासारखा विरघळला असता. तेव्हा म्हटलं, पत्राला काही अंघोळ आडवी येत नाही. टेबलावर पडून राहील, तुला वाटेल तेव्हा फोड.

इकडे माझं बरं चाललंय. चष्म्याचा नंबर वाढला, बाकी यंत्र जुनं असून चालू आहे. दुकानात काटेदुरुस्तीचं काम बेताचं. हल्ली सगळे काटे बॅटरीवरचे, बिघडले की फेकून नवे आणतात. तरी भंगारवाल्याचा मोठा काटा आणि दोनतीन भाजीवाल्यांच्या तागड्या आल्यात. हात रिकामे नाहीत.

मागच्या शेडमधलं आपण दोघांनी बांधलेलं विमान तू ठेवून गेलास तसंच आहे. चाकांना अडण्या लावल्यात, अंगावर जुन्या चादरी आहेत. चिमण्यांनी इंजिनाच्या तोंडात संसार थाटायचा बेत केला होता, तिथे मी पत्र्याचा डबा ठोकला. दोन दिवस डब्यावर बसून मला शिव्या घालत होत्या.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत विमान तोललं त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तीन चाकांखाली तीन काटे, शेपूट स्टुलावर, पाणसळीचा बुडबुडा मधोमध, सगळं कसं छान जमलं होतं. तपासनीस साहेब वही उघडून बसले आणि त्यांनी विचारलं, "चालवणाऱ्याचं वजन?" तू म्हणालास, "अठ्ठ्याहत्तर." आणि माझी जीभ वळवळली: "कधीचं? बोहल्यावरचं?" शेजारचा घड्याळवाला खदाखदा हसला, मग मला आणखी चेव चढला. चढ म्हटलं काट्यावर. तू बूट काढलेस, मोजे काढलेस, खिशातल्या किल्ल्या काढून ठेवल्यास. काटा एक्क्याण्णववर थांबला. मी तो आकडा मोठ्याने वाचला. भंगार तोलताना वाचते तितक्या मोठ्याने.

मग साहेबांनी हिशेब मांडला आणि तुझ्यासकट विमानाचा तोल, तुझ्या पुस्तकातला तो गुरुत्वमध्य, हद्दीच्या अकरा मिलिमीटर मागे गेला. शेपूट जड. उडायला परवानगी नाही. घड्याळवाला म्हणाला, "विमान चोख आहे हो, माणूसच जड!" तूही हसलास. पण हसता हसता नटबोल्टचे पाने एकेक करून पेटीत ठेवायला लागलास, आणि तू पाने कधी इतके नीट ठेवत नाहीस. तिथेच मला कळायला हवं होतं.

चार लोकांत आपल्या माणसाचं वजन वाचू नये. चुकले. मोठी असून चुकले हे लिहिताना जड जातंय, पण लिहिते.

बाकी विशेष काही नाही. साहेबांचं कार्ड आलंय. शेपटीच्या तिन्ही हलत्या पानांत तोलासाठी शिसं किती भरलं, ते आकडे आपल्या वहीत नाहीत, कळवा म्हणतात. साहेब लोकांना आकड्यांची भूक फार. बघते.

दोन ओळी लिही.

तुझी अक्का


१९ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार शब्द. "विकून टाक. मी जड." तारेलासुद्धा माणसं याहून जास्त शब्द घालायची.

त्याच पाकिटात वहिनींची दोन पानं होती. तुला न सांगता घातलेली दिसतात, तेव्हा त्यांच्यावर डाफरू नकोस. त्या लिहितात की तिकडे गेल्याच्या दिवसापासून तू जेवण निम्म्यावर आणलंस. सकाळी उकडलेलं, रात्री नुसतं पाणी आणि काकडी. पहाटे उठून मैदानाला फेऱ्या. कुणी विचारलं तर म्हणायचास, "गुडघ्यासाठी." आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आकडे लिहायचास, एक्क्याण्णव, नव्वद, साडेअठ्ठ्याऐंशी, असं करत ब्याऐंशीपर्यंत. सगळ्यात खाली अठ्ठ्याहत्तर लिहून त्याभोवती गोल केलास म्हणे. त्यांना वाटलं लॉटरीचे नंबर.

आणि मग मागच्या महिन्यात जिन्यात चक्कर येऊन पडलास. कपाळाला तीन टाके. हे तुझ्या चार शब्दांत मावलं नाही होय रे?

दवाखान्यातून आल्यावर कपाटातले आकडे ओल्या फडक्याने पुसलेस आणि म्हणालास, "नऊ उतरवले, चार राहिले, पण आता नाही होत." त्यानंतर आभाळात आवाज आला तरी मान वर करत नाहीस, असं त्या लिहितात.

ते पान मी तीनदा वाचलं. नंतर भंगारवाल्याचा काटा समोर घेऊन बसले आणि त्याचा एक स्क्रूही फिरवला नाही.

धाकट्या, आधी जेव. हे अक्काचं सांगणं समज, नाहीतर हुकूम समज.

विकायचं म्हणतोस, तर एक गिऱ्हाईक आपणहून आलंय. दातवाले डॉक्टर, नाक्यावरचे, माझी दाढ काढली ते. त्यांनी उडायचं शिक्षण घेतलंय हे मला दाढ काढून घेताना कळलं, तोंड उघडं असल्यामुळे काही विचारता आलं नाही. ते पुढच्या रविवारी बघायला येतील. बघू दे. बघितल्याने काही झिजत नाही. पण तू घाईने होकार देऊ नकोस.

आणखी एक. त्या अकरा मिलिमीटरवर मी पुन्हा विचार केला. शेपटीच्या पानांत माझ्याकडून शिसं थोडं जास्त पडलं असावं, असं मला आता वाटायला लागलंय. एकदा उतरवून बघते. तेव्हा सगळा दोष स्वतःच्या पोटाला देऊ नकोस.

टाके काढले का? खूण राहील का? कळव.

अक्का


१ जुलै

चि. धाकट्यास,

कपाळाची जखम भरली असेल. वहिनींना सांग, तुझ्या ताटात त्यांनी स्वतः वाढावं आणि तू उठेपर्यंत शेजारी बसावं.

रविवारी दातवाले डॉक्टर आले होते. माणूस सज्जन, पण काडीपैलवान. चादरी काढल्या तर त्यांनी आधी विमानाभोवती एक फेरी मारली. मग पंखाच्या कडेवरून बोट फिरवत गेले, मऊ, जसं काही विमान झोपलंय. म्हणाले, "हे कापडावरचे टाके कुणी घातले?"

"मी."

"अक्का, मीसुद्धा माणसांना टाके घालतो, पण असे सरळ येत नाहीत."

"तुमची माणसं हलतात," मी म्हटलं.

मग त्यांना विमानातल्या खुर्चीत बसवलं. वजन विचारलं, या वेळी हळू आवाजात. चौसष्ट. मी तिथेच कागदावर आकडेमोड केली आणि तोल हद्दीच्या आत आला. ते मुलासारखे हसले. म्हणाले, "म्हणजे सगळं ठीकच आहे की! तुमचे भाऊ बिचारे, त्यांचं नशीब. नऊ वर्षं बांधलं आणि स्वतःच जड पडले."

धाकट्या, मी पाठ फिरवली. पाच मिनिटं मी चादरीची घडी घालत होते. एका चादरीची. मग त्यांना म्हटलं, अजून विकायचं ठरलेलं नाही, भावाशी बोलून सांगते. बिचारे चहा न घेता गेले.

आता लिहिते ते शांतपणे वाच. मध्येच उठून अंघोळीला जाऊ नकोस.

मागच्या पत्रात मी लिहिलं, शिसं जास्त पडलं असावं असं "आता" वाटायला लागलंय. त्यातला तो "आता" खोटा आहे. मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. विमान तोललं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून.

हे सगळं तुला पाठ आहे, तरी क्रमाने लिहिते, म्हणजे मला मध्ये पळवाट सापडायची नाही. शेपटीची पानं रंगवली त्या आठवड्यात साहेब येऊन सांगून गेले होते की रंगाने पानाची मागची कड जड होते, आणि जड कडेचं पान वेगात फडफडायला लागतं. फडफड सुरू झाली की शेपूट तुटायला दोन श्वासही लागत नाहीत. म्हणून बिजागरीच्या पुढे शिसं भरायचं, मागच्या कडेला तोलून धरेल इतकंच. तू नुसती मान डोलावलीस. मी मात्र घरी जाऊन जेवले नाही. "दोन श्वास" एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी तू इंजिनाशी खटपट करत होतास आणि मी पानं तोलायला घेतली. पहिलं आडवं पान बिजागरीपाशी दोन पोलादी धारांवर टांगलं, शिसं ओतलं, पान सरळ झालं. तिथे थांबायचं होतं. नकाशात स्पष्ट लिहिलंय, सरळ, नाहीतर पुढे नखभर. पण माझा हात थांबेना. म्हटलं आणखी थोडं असू दे. फडफड नको. माझा भाऊ बसायचाय यात. दुसऱ्या पानालाही तेच, उभ्या पानाला त्याहून घसघशीत. बाबांची शिकवण दोनच वाक्यांची होती ना, काटा सरळ हवा, माप झुकतं हवं. काटा धंद्याचा, माप गिऱ्हाईकाचं. पन्नास वर्षं मी ते पाळलं आणि नेमकं तिथे गल्लत केली. पान हा काटा होता. मी त्याला झुकतं माप दिलं.

आणि वहीत आकडा लिहिला नाही. नुसतं "तोल बरोबर" लिहून सही केली. तू वाचलंस, साहेबांनी वाचलं. काटेवालीच्या तोलावर कोण शंका घेणार?

तू पाने पेटीत भरून घरी गेलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन शेडमध्ये गेले. फळीवर उरलेली शिशाची वीट होती. सवयीने तोलली. आठशे ग्राम. आणली होती पाच किलो. रंगासाठीचं धरून तिन्ही पानांत मिळून लागायला हवं होतं दोन किलो सहाशे. म्हणजे एक किलो सहाशे जास्त आत गेलेलं. तू म्हणशील, एवढ्याने काय होतं? पण शेपूट किती लांब आहे बघ. मी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब केला. शेपटीतलं एक किलो म्हणजे तुझ्या खुर्चीवरचे बारा. एक किलो सहाशे म्हणजे एकोणीस.

तू तेरा किलो जास्त नव्हतास रे. मीच एकोणीस किलोंची तुझ्या मांडीवर बसले होते.

चहा गार झाला. त्याच सकाळी तुला फोन करता आला असता. पोरीकडे जायची तुझी गाडी त्याच दुपारची होती. घरून स्टेशनला निघेपर्यंत चार तास होते माझ्या हातात. मी केला नाही.

का केला नाही, ते चार महिने मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. कधी म्हणायचे, राग शांत होऊ दे. कधी म्हणायचे, आणखी एकदा मोजते. खरं असं आहे की त्या कॅलेंडरच्या पाठीवर एकोणीसचा आकडा आला आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटले. आता हा उडत नाही.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी बारा. तू झाडावर चढलास की मी खाली पदर पसरून उभी राहायचे, जसं काही पदरात माणूस मावतो. नऊ वर्षं मी विमान बांधलं, फळ्या तासल्या, कापड ताणलं, हजारो टाके घातले, पण ते खरंच उडणार आहे हे माझ्या मनात शिरलंच नव्हतं. माझ्यासाठी विमान म्हणजे तू रोज संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी येतोस, बाही वर सारतोस आणि विचारतोस, "आज काय?" एवढंच. तोलायच्या दिवशी पाणसळीचा बुडबुडा मधोमध आला आणि मला पहिल्यांदा कळलं की झालं, संपलं, आता हा यात बसणार आणि जाणार.

आणि मग त्या आकड्याने तुला अडवलं, आणि मी त्या आकड्याच्या मागे लपले. तुला वाटू दिलं की तुझं वय झालं, तुझं पोट सुटलं, तू जड झालास. तू तिकडे काकडी खात होतास आणि मी इकडे चिमण्यांशी भांडत होते. तू पडलास तो जिना माझ्याच हिशेबाचा.

डॉक्टर काडीपैलवान निघाले, त्यांच्या वजनाने माझी चूक झाकली जात होती. साहेबांना काहीतरी बरे आकडे कळवले असते तर विमान गेलं असतं, पानं पुन्हा कुणी उघडली नसती, आणि तू जन्मभर स्वतःला जड समजून राहिला असतास. झाकली मूठ. पण त्या मुठीत तू होतास.

माफी मागून हे फिटेल असं मला वाटत नाही, म्हणून मागत नाही. काम करते आणि मग लिहिते.

जेवतोयस ना?

अक्का


९ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद. वहिनींना, भाचीला, जावयांना आणि छोटीला सांग, अक्का ठीक आहे. हाताला थोडे फोड आलेत, पण ते कामाचे, त्यांचं दुखणं गोड.

मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी मी साहेबांना कार्ड पाठवलं. या, आणि वही घेऊन या. ते येईपर्यंत तिन्ही पानं उतरवून ठेवली. उभ्या पानाची पिन निघेना, तिथे तू जोरात ठोकलेलं आहेस. तुला दोन शिव्या दिल्या, बरं वाटलं.

साहेब आले. त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. शिशाचंही, फोन न करण्याचंही. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "अक्का, कमी शिसं जितकं वाईट, तितकंच जास्तही. शेपूट जड असलेलं विमान हवेत नाक वर करतं आणि ऐकत नाही. तुम्ही त्याला वाचवत नव्हतात."

"कळलं मला," मी म्हटलं.

"आणि मी आकडा न बघता पुढे गेलो. म्हटलं, काटेवालीला तोल काय विचारायचा. ती चूक माझी. ती मी माझ्या वहीत लिहितो, तुम्ही तुमच्या वहीत लिहा."

मी "तोल बरोबर" ही ओळ खोडायला रबर घेतलं तर त्यांनी माझा हात धरला. "रबर नको. रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. त्याखाली खरं लिहा आणि पुन्हा सही करा." तसं केलं. आयुष्यात इतकी सावकाश सही मी कधी केली नाही.

मग त्यांच्यासमोर ड्रिल घेऊन शिसं कोरायला बसले. थोडं काढायचं, पान धारांवर टांगायचं, बघायचं, पुन्हा थोडं काढायचं. पहिल्या पानाला दुपार गेली. मऊ असतं शिसं, पण आत घट्ट बसलेलं, सहज निघत नाही. सगळा भुगा एका वाडग्यात जमवला. शेवटी पान आडवं धरलं, पाणसळ लावली आणि हात सोडला. ना पुढे गेलं, ना मागे. खालून कुणी हात धरल्यासारखं जिथल्या तिथे राहिलं. साहेब म्हणाले, "आणखी काही?" माझा हात वाडग्याकडे गेला होता, खरंच सांगते. मग मी हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

दुसऱ्या दिवशी उरलेली दोन. वाडग्यातला भुगा तोलला तो एक किलो पाचशे नव्वद भरला. दहा ग्राम जमिनीवर सांडलं असेल.

काल विमान पुन्हा काट्यांवर घेतलं. तुझ्या खुर्चीवर दुकानातली लोखंडी वजनं रचली. विसाची चार, दहाचं एक, एक किलोचं एक. एक्क्याण्णव. सरकू नयेत म्हणून त्यांना पट्टा बांधला. टाकी जवळपास रिकामी ठेवली, उतरायच्या वेळी असते तशी, कारण तोल सगळ्यात मागे जातो तो तेव्हाच. घड्याळवाला दारात उभा होता. त्याला म्हटलं, आत यायचं तर ये, पण आकडा वाचेपर्यंत हसायचं नाही. तो बिचारा आधीच ओशाळलेला. तुझ्या जाण्याचं त्यालाही लागलंय.

पाच मिलिमीटर आत. तुझ्या एक्क्याण्णव किलोंसकट.

साहेबांनी दोनदा मोजलं, मी तीनदा. घड्याळवाल्याने एकदा मोजलं आणि तेच आलं, म्हणजे बघ.

सोबत तोलाचा कागद पाठवते आहे. सगळे आकडे माझ्या हातचे आहेत आणि या वेळी एकही गाळलेला नाही. पानांतलं शिसंही ग्रामात लिहिलंय. साहेबांची सही खाली आहे. तू स्वतः गुणाकार करून बघ. माझ्यावर विश्वास ठेवून सोडू नकोस, विश्वासानेच घोटाळा केला.

आता पुढचं तुझं. डॉक्टरांनाही मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमचे भाऊ नाही म्हणाले तर मी आहेच. तेव्हा तुला विकायचं असेल तर विक, मी चादरी काढून देईन. उडायचं असेल तर ये. चार महिने लावायचे तर चार महिने लाव, ते माझ्याकडे थकलेच आहेत. उड किंवा विक, पण माझ्या खोट्या आकड्यावरून ठरवू नकोस.

आणि आलास, तर पहिल्या उड्डाणाला मी येईन का, असं मनात येईल तुझ्या. येईन. भीती वाटणार आहे, ती घेऊन येईन. धावपट्टीच्या कडेला उभी राहीन आणि पदर कमरेला खोचून ठेवीन.

एक काम बाकी आहे, ते माझ्याने होत नाही. कागदावर वरून तिसरी ओळ बघ, चालवणाऱ्याचं वजन. एक्क्याण्णव हा फेब्रुवारीतला आकडा. तू मध्ये नऊ उतरवलेस, त्यानंतर वहिनींनी दोनतीन परत चढवले असतील अशी आशा आहे. म्हणून मी तिथे पेन्सिलीने लिहिलंय. तू खाली जाऊन औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहा, बूट घालून की काढून ते तुझं तू ठरव, आणि जो येईल तो आकडा त्या ओळीत शाईने लिहून कागद परत पाठव. तो मी मोठ्याने वाचणार नाही. कितीही असला तरी विमान उचलतंय, मी बघितलंय.

विकायचं ठरवलंस तर पेन्सिलीचा आकडा तसाच ठेवून पाठव, मला कळेल.

पण पाठव लवकर. पोस्टमन हल्ली अकराला येतो आणि मी साडेदहापासून दारात काटा पुसत बसते.

तुझी

अक्का